मॉनिटर किती इंची घ्यावा? आधी टेबल मोजा

दुकानात २७ इंची मॉनिटर लहानच वाटतो. एक तर त्याच्या शेजारी ३२ आणि ३४ इंची मांडलेले असतात, आणि दुसरं म्हणजे आपण काउंटरच्या अलीकडे चार-पाच फुटांवर उभे असतो. "साहेब, थोडेच जास्त घाला नि मोठाच घेऊन जा," असं दुकानदार म्हणतो आणि आपण मान डोलावतो. तोच मॉनिटर घरच्या दीड फुटी टेबलावर आला की नाकासमोर भिंत उभी राहते आणि खालच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघायलाही मान वळवावी लागते.

लहान की मोठा याचं उत्तर खोक्यावरच्या इंचांत सापडत नाही. आधी टेबलाची खोली, मग डोळे, मग पिक्सेल (ज्या बारीक ठिपक्यांनी चित्र बनतं ते) आणि कामाचं स्वरूप बघायचं. हे ठरलं की इंच आपोआप ठरतात. म्हणून मोजपट्टी घेऊन बसा.

पायरी १ : टेबलाची खोली मोजा

लांबी नाही, खोली. म्हणजे तुमच्या पोटाजवळच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर. आपल्याकडे फर्निचरच्या दुकानात मिळणारं साधं कॉम्प्युटर टेबल बहुतेक वेळा दीड फूट, म्हणजे ४५ सेंटीमीटर खोल असतं. सुताराकडून करून घेतलेलं दोन फूट, म्हणजे ६० सेंटीमीटर. ऑफिसातली टेबलं अडीच फुटांपर्यंत जातात.

आता हिशेब. मॉनिटरचा स्टँड मागे जागा खातो, त्यामुळे काच भिंतीपासून साधारण १५ ते २० सेंटीमीटर पुढे येते. टाइप करताना आपले डोळे टेबलाच्या कडेपासून दहा-पंधरा सेंटीमीटर मागे असतात. म्हणजे दीड फुटी टेबलावर डोळा आणि स्क्रीन यांत जेमतेम ४० सेंटीमीटर उरतात, दोन फुटीवर ५५ आणि अडीच फुटीवर ७०. आरामात बघण्यासाठी हाताच्या लांबीएवढं अंतर हवं. खुर्चीत टेकून बसून हात सरळ केला तर बोटांची टोकं काचेला लागावीत, इतकं. बहुतेक मोठ्या माणसांच्या बाबतीत ते ६० ते ७० सेंटीमीटर भरतं.

माझं मत स्पष्ट आहे. दीड फुटी टेबलावर २२ इंचाच्या पुढे जाऊ नये. दोन फुटीवर २४ इंची आरामात बसतो. २७ इंचीही बसतो, पण मॉनिटर-आर्म, म्हणजे स्टँडऐवजी मॉनिटर धरणारा हात, लावून तो भिंतीला चिकटवता येत असेल तर. ३२ इंचीचा विचार अडीच फुटांपासून पुढे करायचा. टेबल बदलणार असाल तर ते आधी बदला. मॉनिटर आणून मग टेबल शोधणारे शेवटी मॉनिटर जेवणाच्या टेबलावर मांडून बसतात आणि घरात रोज नवं भांडण होतं.

पायरी २ : इंचांचे सेंटीमीटर करा

खोक्यावरचे इंच म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. त्यावरून रुंदी-उंची डोळ्यांपुढे येत नाही. शिवाय '२२ इंची' म्हणून विकला जाणारा बहुधा २१.५ चा असतो, '२४ इंची' २३.८ चा आणि '३२ इंची' ३१.५ चा. प्रत्यक्ष काच किती भरते ते बघा.

| खऱ्या मापाचा मॉनिटर | रुंदी (सेंमी) | उंची (सेंमी) |
|---|---|---|
| २१.५ इंच | ४७.६ | २६.८ |
| २३.८ इंच | ५२.७ | २९.६ |
| २७ इंच | ५९.८ | ३३.६ |
| ३१.५ इंच | ६९.७ | ३९.२ |
| ३४ इंची अल्ट्रावाइड | ७९.७ | ३३.३ |

या तक्त्यातल्या उंचीच्या रकान्याकडे कोणी बघत नाही, आणि मेख तिथेच आहे. जुन्या ऑफिसांतून अजूनही दिसणारा १९ इंची चौकोनी मॉनिटर आठवा. त्याचं रुंदी-उंचीचं प्रमाण ५:४ आणि उंची सुमारे ३० सेंटीमीटर. तो काढून त्या जागी नवा २२ इंची रुंद मॉनिटर ठेवला तर उंची तीन सेंटीमीटरने कमी होते. "नवा मोठा दिला, पण कागद पूर्वीएवढा दिसत नाही" ही कारकुनांची तक्रार अगदी खरी आहे. १९ चौकोनीची उंची परत हवी असेल तर किमान २४ इंची घ्यावा लागतो. तसंच ३४ इंची अल्ट्रावाइडचं. तो २७ इंचीपेक्षा उंच नाही, फक्त दोन्ही बाजूंनी ताणलेला आहे. लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना १६:१० प्रमाणाचा २४ इंची मिळाला तर जरूर बघावा. त्याची उंची ३२ सेंटीमीटरपर्यंत जाते.

पायरी ३ : वर्तमानपत्र कापा

जुन्या वर्तमानपत्राची दोन पानं चिकटवून ६० बाय ३४ सेंटीमीटरचा तुकडा कापा. हा झाला २७ इंची. तो टेबलामागच्या भिंतीवर नाही, तर स्टँडचं अंतर धरून एखाद्या खोक्यावर उभा चिकटवा आणि खुर्चीत बसा. मान न हलवता चारही कोपऱ्यांतले मथळे वाचता येतायत का? वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या वर जातेय का? मग कडा दुमडून २४ इंची करा, पुन्हा बसा. मॉनिटरच्या बाबतीत दहा व्हिडिओ बघून जे कळत नाही ते या रद्दीने कळतं.

याच वेळी एक ए-फोर कागदही हातात घ्या. त्याची उंची २९.७ सेंटीमीटर, म्हणजे २३.८ इंची मॉनिटरच्या काचेपेक्षा एक मिलिमीटर जास्त. त्यामुळे २४ इंचीवर ए-फोर पान खऱ्या मापात कधीच पूर्ण दिसत नाही. मेनू आणि टास्कबार वजा केले तर खालचा बराच भाग सरकवून बघावा लागतो. २७ इंचीवर पान बसून वर जवळपास चार सेंटीमीटर उरतात, तिथे टूलबार मावतात, आणि शेजारी दुसरं पान मांडायलाही जागा राहते. लग्नपत्रिका, अंक, पुस्तकं जुळवणाऱ्या डीटीपीवाल्यांसाठी २४ आणि २७ मधला फरक हा एवढा ठोस आहे. घरी महिन्यातून एखादा अर्ज टाइप करणाऱ्याला तो फरक पडत नाही.

पायरी ४ : पिक्सेलचं गणित

मॉनिटर मोठा झाला म्हणून त्यावर जास्त मजकूर मावतो असं नाही. मजकूर किती मावणार हे पिक्सेलवर ठरतं. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, सुमारे २१ लाख पिक्सेल. क्यूएचडी म्हणजे २५६० बाय १४४०, सुमारे ३७ लाख. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, जवळपास ८३ लाख. २४ इंची फुल एचडीवरून २७ इंची फुल एचडीवर गेलात तर एक्सेलची एकही ओळ जास्त दिसणार नाही. सगळं फक्त फुगलेलं दिसेल.

एका इंचात किती पिक्सेल बसतात हा आकडा लक्षात ठेवा. २२ इंची फुल एचडीला १०२, २४ ला ९३, २७ ला फक्त ८२ आणि ३२ ला ७०. क्यूएचडीत २७ इंचीला १०९ आणि ३२ इंचीला पुन्हा ९३. म्हणजे सध्याच्या २४ इंची फुल एचडीवरची अक्षरं तुम्हाला पसंत असतील तर ३२ इंची क्यूएचडीवर तीच अक्षरं, त्याच आकारात, पण पाऊणपट जास्त जागेत मिळतील. फोर-केमध्ये २७ इंचीला १६३ आणि ३२ इंचीला १४०.

आता मराठी वाचकांच्या कामाची गोष्ट, जी बाहेरच्या परीक्षणांत सापडायची नाही. इंग्रजी अक्षरांपेक्षा देवनागरीची उभी गर्दी जास्त असते. १०० टक्के स्केलिंगवर (कॉम्प्युटर अक्षरं किती पट मोठी दाखवतो ते प्रमाण) दहा पॉइंटचा फॉन्ट सुमारे १३ पिक्सेलच्या उंचीत बसवावा लागतो. 'वर्षांनी' हा शब्द घ्या. 'षा'च्या डोक्यावर रफार आणि त्याला चिकटून अनुस्वार. शिरोरेघेच्या वर मिळणाऱ्या तीन-चार पिक्सेलमध्ये दोघांची कोंबाकोंबी होते आणि तिथे नुसता एक करडा ठिपका दिसतो. खाली ऋकार किंवा जोडाक्षर आलं तर तिकडेही तेच. ८२ पिक्सेलवाल्या २७ इंची फुल एचडीवर हा ठिपका मोठा होऊन आणखी डोळ्यांत भरतो. मुद्रितशोधन करणाऱ्याने तो मॉनिटर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

यावर उपाय म्हणजे बारीक पिक्सेल आणि वाढवलेलं स्केलिंग, दोन्ही मिळून. नुसता क्यूएचडी घेऊन १०० टक्क्यांवर ठेवला तर अक्षराला पिक्सेल तेवढेच मिळतात, फक्त अक्षर लहान होतं. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले इथे जाऊन २७ इंची क्यूएचडीला १२५ टक्के आणि २७ इंची फोर-केला १५० टक्के करा. फोर-केवर १५० टक्क्यांनी कामाची जागा क्यूएचडीएवढीच राहते, पण प्रत्येक अक्षराला उंचीत आणि रुंदीत दीडपट पिक्सेल मिळतात आणि रफार, अनुस्वार सुटे दिसतात. साठ सेंटीमीटरवरून निरोगी डोळ्याला साधारण ०.१७ मिलिमीटरपेक्षा बारीक ठिपके वेगळे दिसत नाहीत. २७ इंची फोर-केचा पिक्सेल ०.१५६ मिलिमीटरचा आहे. म्हणून त्यावरचा मजकूर छापल्यासारखा वाटतो.

एक सावधगिरी. बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेली हिशेबाची किंवा बिलिंगची सॉफ्टवेअर स्केलिंग केलं की धूसर दिसतात. दिवसभर असल्याच एखाद्या प्रोग्रॅममध्ये काम असेल तर फोर-केच्या फंदात पडू नका. २४ इंची फुल एचडी किंवा ३२ इंची क्यूएचडी घ्या आणि १०० टक्क्यांवर चालवा.

पायरी ५ : डोळे, आणि विशेषतः चाळिशी

चाळिशी लागली की मॉनिटर मोठा घ्यावा असा सरसकट सल्ला दिला जातो. तो अर्धवट आहे. वाचायचा चष्मा साधारण ३५-४० सेंटीमीटरवरच्या पुस्तकासाठी केलेला असतो. मॉनिटर असतो ६०-७० सेंटीमीटरवर. वाचायच्या चष्म्यातून तो अंधुक दिसतो, म्हणून माणूस पुढे झुकतो, आणि मोठा मॉनिटर आणला तरी झुकायचं थांबत नाही. त्यापेक्षा डोळ्यांपासून काचेपर्यंतचं अंतर टेपने मोजून ते चष्मा तपासणाऱ्याला सांगा आणि त्या अंतराचा नंबर काढून घ्या. मॉनिटरच्या फरकाच्या पैशांत हा चष्मा होतो.

बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर प्रश्न उंचीचा आहे. जवळचा नंबर चष्म्याच्या काचेच्या खालच्या भागात असतो, आणि प्रोग्रेसिव्हमध्ये मधल्या अंतराचा त्याच्या थोडा वर. उंच मॉनिटरची वरची ओळ वाचायला हनुवटी वर करावी लागते, आणि संध्याकाळी मानेला रग लागते ती यामुळे. अशा माणसाने ३२ इंची टाळावा. २४ किंवा २७ घ्यावा आणि स्टँड सर्वांत खाली आणून काच किंचित मागे कलवावी. इतरांसाठी नेहमीचा नियम चालतो, की वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी.

पायरी ६ : काम कोणतं?

हिशेबाचं काम करणाऱ्यांचं गणित सरळ आहे. एक्सेलचा नेहमीचा रकाना ६४ पिक्सेल रुंद आणि ओळ २० पिक्सेल उंच असते. फुल एचडीवरून क्यूएचडीवर गेलं की १०० टक्क्यांवर दहा रकाने आणि अठरा ओळी जास्त दिसतात. जीएसटीचं विवरण आणि खरेदीची नोंदवही शेजारी शेजारी ठेवून ताळा करणाऱ्याला हे रोज उपयोगी पडतं.

प्रोग्रॅमरला उंची हवी. पुष्कळ जण २४ इंची आडवा ठेवून दुसरा २४ इंची उभा फिरवतात. त्यासाठी स्टँड फिरणारा हवा.

शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी २२ किंवा २४ पुरे. मुलं खुर्ची पुढे ओढून बसतातच, त्यांच्यापुढे ३२ इंची ठेवणं मला पटत नाही.

स्पर्धात्मक गेम खेळणारे २४ किंवा २७ वर थांबतात, कारण सगळा पट एका नजरेत हवा असतो. फोर-केवर गेम चालवायला ग्राफिक्स कार्डाला फुल एचडीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात, हेही धरा. सिनेमा आणि व्हिडिओ संकलनाला मात्र मोठा तो मोठा.

पायरी ७ : एक मोठा की दोन लहान?

दोन २४ इंची मिळून रुंदी १०५ सेंटीमीटरच्या वर जाते. म्हणजे टेबल किमान चार फूट लांब हवं. किमतीत हे दोन बऱ्याचदा एका चांगल्या ३२ इंचीपेक्षा स्वस्त पडतात, आणि एक बंद पडला तरी काम थांबत नाही. तोटा एवढाच, की दोन्ही समान वापरले तर मधली पट्टी नेमकी नाकासमोर येते आणि मान दिवसभर डावी-उजवी होते. म्हणून एक मॉनिटर सरळ समोर ठेवा, दुसरा बाजूला तिरका ठेवून त्यावर ईमेल, व्हॉट्सॲप, संदर्भाचं पान असं अधूनमधून बघायचं टाका.

एका सलग मोठ्या पडद्यावर लांबच लांब तक्ते किंवा व्हिडिओ संकलनाची पट्टी (टाइमलाइन) छान दिसते. पण साठ सेंटीमीटरवरून ३२ इंचीची बाजूची कड मध्यापेक्षा नऊ-दहा सेंटीमीटर लांब पडते, ३४ इंचीची बारा. डोळ्यांना सतत फोकस बदलावा लागतो. वक्र मॉनिटर हा फरक कमी करतो. त्यावरचे १५०० आर, १८०० आर हे आकडे वक्रतेची त्रिज्या मिलिमीटरमध्ये सांगतात, म्हणजे आकडा लहान तितका वाक जास्त. सरळ रेषांचं काम असलेल्या आर्किटेक्ट-ड्राफ्ट्समननी वक्र घेऊ नये. २७ इंचापर्यंत मला वक्रतेची गरज दिसत नाही.

पायरी ८ : सीपीयूच्या मागे वाकून बघा

मागे फक्त निळं व्हीजीए पोर्ट असेल तर फुल एचडीच्या पुढे जाऊ नका. एचडीएमआय १.४ असेल तर फोर-के चालतो, पण सेकंदाला तीसच चित्रं मिळतात आणि माऊस अडखळत सरकल्यासारखा वाटतो. फोर-केला साठ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं, हवे असतील तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्ले पोर्ट १.२ लागतं. क्यूएचडी मात्र जुन्या एचडीएमआय १.४ वरही साठ हर्ट्झला चालतो, आणि जुन्या कॉम्प्युटरवाल्यांसाठी तोच सोयीचा.

घरातला ३२ इंची टीव्ही मॉनिटर म्हणून लावायचा मोह अनेकांना होतो. स्वस्त ३२ इंची टीव्ही बहुधा १३६६ बाय ७६८ चे असतात. इंचाला ५० पिक्सेलसुद्धा भरत नाहीत. सहा फुटांवरून सामना बघायला ठीक, दोन फुटांवरून सात-बारा वाचायला नाही.

पायरी ९ : दुकानात

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा गावातल्या दुकानात, दोन-अडीच फुटांवर खुर्ची टाकून बसा आणि मॉनिटर समोर मागा. दुकानातल्या चकचकीत व्हिडिओऐवजी आपल्या पेन-ड्राइव्हवरचं मराठी मजकुराचं पान उघडा. त्यात 'वर्षांनी' टाकून ठेवा. मग पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, लाल, हिरवं, निळं अशी पाच चित्रं लावून मेलेले, म्हणजे रंग न बदलणारे पिक्सेल शोधा. काळ्या चित्रावर कोपऱ्यांतून प्रकाश गळतोय का तेही दिसतं. मोठ्या मॉनिटरमध्ये आयपीएस किंवा व्हीए प्रकारचं पॅनेल, म्हणजे पडदाच घ्या. टीएन पॅनेलवर जवळून बघताना कडांचे रंग बदललेले दिसतात, आणि मॉनिटर जितका मोठा तितकं ते जास्त जाणवतं.

मागे चार स्क्रूची भोकं, म्हणजे वेसा माउंट, ७५ किंवा १०० मिलिमीटरची आहेत ना, याची खात्री करा. आज आर्म नको असला तरी उद्या लागतो. स्टँड वर-खाली होत नसेल तर २७ इंचीच्या खाली पुस्तकं ठेवून उंची वाढवता येते, पण ती कमी करता येत नाही.

कराचं एक सांगायला हवं. ३२ इंचापर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के आणि त्यापुढच्यावर २८ टक्के जीएसटी, अशी विभागणी आधी होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर १८ टक्केच आहे. '३२ वर थांबा, पुढे कर वाढतो' हा सल्ला अजूनही ऐकू येतो, पण तो आता जुना झाला.

घरी आणल्यावर

खोकं आणि थर्मोकोल निदान परत करायच्या मुदतीपर्यंत फेकू नका. मॉनिटर खिडकीच्या समोर किंवा पाठीशी नको, खिडकी बाजूला यावी. काच मोठी असली की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब कुठे ना कुठे पडतंच, तेव्हा थोडा कलवून बघा. कारखान्यातून येताना उजेड डोळे दिपतील इतका ठेवलेला असतो. शेजारी पांढरा कागद धरा आणि स्क्रीनचा पांढरा त्या कागदाएवढा होईपर्यंत उजेड उतरवा. बहुतेक खोल्यांमध्ये तो निम्म्याच्या खाली येतो. यूपीएस जुना, लहान असेल तर मॉनिटरच्या मागचे वॉट वाचून सीपीयूच्या वॉटमध्ये मिळवा. एकूण भार यूपीएसच्या वॉटमध्ये बसला पाहिजे, त्याच्या व्हीएमध्ये (व्होल्ट-अँपिअर) नाही. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसला सहसा ३६० वॉटच झेपतात.